‘अवतार’ आणि ‘देहधारण’ : नाताळच्या अर्थाची मराठी शब्दांतून चिकित्सा

ख्रिस्ती धर्मश्रद्धेत नाताळ हा सण कशाचा, या प्रश्नाचे उत्तर वरवर पाहता सोपे आहे : येशू ख्रिस्ताच्या जन्माचा. मात्र हा जन्म नेमक्या कोणत्या अर्थाने सणाचा विषय होतो असे विचारताच अडचणी सुरू होतात आणि मराठीत त्या भाषेच्या पातळीवरच जाणवू लागतात. मराठी भाषक या दिवसाला तीन नावांनी ओळखतात. ‘नाताळ’ हा शब्द पोर्तुगीजांकडून आला. त्याच्या मुळाशी ‘जन्माचा’ या अर्थाचे लॅटिन विशेषण आहे. ‘ख्रिसमस’ या इंग्रजी शब्दात ख्रिस्ताच्या नावाने होणारी उपासना, म्हणजे मिस्सा, अभिप्रेत आहे. ‘ख्रिस्तजयंती’ हा शब्द हनुमानापासून शिवरायांपर्यंत देवांच्या आणि थोर पुरुषांच्या जयंत्यांच्या पंक्तीत या दिवसाला नेऊन बसवतो. हे तिन्ही शब्द जन्म सांगतात किंवा उपासना सांगतात. जन्मास आला तो कोण आणि तो कसा आला, हे त्यांपैकी एकही सांगत नाही. ते काम ‘अवतार’ आणि ‘देहधारण’ या दोन शब्दांकडे येते. हे दोन शब्द मराठी ख्रिस्ती लेखनात पुष्कळदा एकमेकांच्या जागी वापरले जातात. ते खरोखरच समानार्थी आहेत काय, आणि नसतील तर त्यांच्यातील अंतर नेमके कोठे आहे, हे येथे पाहावयाचे आहे.

प्रश्न केवळ शब्दकोशाचा नाही. ‘अवतार’ म्हणजे खाली उतरणे. ज्या समाजाच्या कानावर हा शब्द कीर्तन, पुराण आणि दशावतारी नाटकांतून पिढ्यान्‌पिढ्या पडत आला आहे, त्याच्यापुढे येशूला अवतार म्हटले की एक संपूर्ण कथाचौकट आपोआप उभी राहते : पृथ्वीला भार होतो, देव रूप घेतो, दुष्टाचे निर्दालन करतो आणि निजधामास जातो. या चौकटीत नाताळ बसतो काय?

शुभवर्तमानांतील जन्मकथा

प्रारंभीच एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. नव्या करारातील चार शुभवर्तमानांपैकी फक्त मत्तय आणि लूक या दोघांतच जन्मकथा आहे. मार्क येशूच्या बाप्तिस्म्यापासून सुरुवात करतो, तर योहान विश्वाच्या आरंभापासून. पौलाची पत्रे या चारही ग्रंथांच्या आधीची, इसवी सनाच्या सहाव्या दशकातील. त्यांत गोठा नाही, तारा नाही, मेंढपाळ नाहीत. येशू स्त्रीपासून जन्मला एवढाच उल्लेख गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात येतो. पहिल्या ख्रिस्ती पिढ्यांचा मुख्य सण पुनरुत्थानाचा होता. २५ डिसेंबर या तारखेची जुनी आणि स्पष्ट नोंद रोममध्ये इ. स. ३५४ मध्ये सिद्ध झालेल्या पंचांगवजा संग्रहात सापडते; आर्मेनियन चर्च तर आजही ६ जानेवारीलाच ख्रिस्तजन्म साजरा करते. म्हणजे सण उशिरा आला, श्रद्धा आधी होती. ज्याचे मरण आणि पुनरुत्थान सांगितले जात होते तो जन्मलाही होता, हे सांगण्याची गरज पुढे निर्माण झाली आणि त्या गरजेतून या कथांचा घाट ठरला.

ऐतिहासिकदृष्ट्या या कथांत विसंगती आहेत आणि त्या लपविण्याचे कारण नाही. मत्तयाच्या मते येशूचा जन्म हेरोद राजाच्या हयातीत झाला; हेरोदाचा मृत्यू सामान्यतः इ. स. पूर्व ४ मध्ये मानला जातो. लूक ज्या क्विरिनियसच्या जनगणनेचा संबंध जोडतो ती इ. स. ६ ची. हे दोन्ही मेळ घालण्याचे प्रयत्न पुष्कळ झाले, ते फारसे पटणारे नाहीत. परंतु लूकला जनगणना का हवी होती, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. त्याला जन्म ‘कोणे एके काळी’ घडवायचा नाही. करदात्यांच्या यादीत, साम्राज्याच्या दप्तरात ज्याची नोंद होईल असा तो घडवायचा आहे. तपशील चुकला असेल; पण जन्म इतिहासात बसवण्याचा त्याचा आग्रह त्यामुळे लटका ठरत नाही.

जन्मप्रसंगाचे लूकने केलेले वर्णन विलक्षण कोरडे आहे. बाळ बाळंत्यात गुंडाळले आणि गव्हाणीत ठेवले. मराठी भाषांतराने येथे ‘गव्हाण’ हा शब्द वापरला, ही भाषांतरकारांची मोठीच मिळकत होय. गुरांना वैरण घालायची ती जागा देशावरच्या कोणाही शेतकऱ्याला डोळ्यांपुढे आणता येते. ‘उतारशाळे’त जागा नव्हती या तपशिलाबाबत मात्र भाषांतर थोडे दिशाभूल करते. लूकने येथे वापरलेला ग्रीक शब्द ‘काटालुमा’ हा आहे. शेवटच्या भोजनाच्या खोलीसाठीही तो हाच शब्द वापरतो. धर्मशाळेसाठी त्याच्याजवळ वेगळा शब्द आहे आणि चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात तो त्याने वापरलाही आहे. तेव्हा येथे पाहुण्यांची खोली अभिप्रेत असण्याचा संभव अधिक. एकाच छपराखाली माणसे आणि गुरे राहत असलेले, पाहुण्यांनी भरलेले गरिबाचे घर, असे ते चित्र होते. निर्दय खाणावळवाल्याने हाकलून दिलेले जोडपे हे नाताळच्या नाटकांतील लाडके दृश्य लूकमध्ये नाही. गोठ्यातील बैल आणि गाढवही नाहीत. ती यशया संदेष्ट्याच्या ग्रंथातून परंपरेने आणली. आणि फ्रान्सिस असिसीकर यांनी १२२३ मध्ये ग्रेच्चो येथे जिवंत जनावरांसह गव्हाण मांडल्यापासून तर ती पक्कीच होऊन बसली. वसईच्या आणि गोव्याच्या घरोघरी मांडल्या जाणाऱ्या गोठ्यांचे मूळ या परंपरेत आहे.

या सर्वांहून बोलका तपशील पुढे येतो. चाळीस दिवसांनंतर मरिया आणि योसेफ बाळाला घेऊन मंदिरात जातात आणि पक्ष्यांच्या जोडीचे अर्पण करतात. लेवीय नियमशास्त्रानुसार या प्रसंगी कोकरू द्यावयाचे असते. ज्यांना ते परवडत नाही त्यांच्यासाठी पक्ष्यांची जोडी ही सवलत आहे. लूक गरिबी हा शब्दही उच्चारत नाही. तो फक्त अर्पण काय केले ते सांगतो.

चमत्कार न करणारे बाळ

मराठी वाचकाला या कथा वाचताना कृष्णजन्माची आठवण होणे अपरिहार्य आहे. दुष्ट राजा, बालहत्या, रातोरात परक्या भूमीत नेलेले मूल ही साम्ये उघड आहेत. साम्य सांगून थांबणे सोपे असते. या ठिकाणी भेद अधिक शिकवतो. गोकुळातील बाळ पूतनेचे प्राण शोषून घेते, शकटासुराला लाथेने उलथते, माती खाल्ल्याचे निमित्त होऊन यशोदेला मुखात विश्वरूप दाखवते. बेथलेहेमचे बाळ काहीही करीत नाही. त्याच्याभोवती देवदूत गातात, ज्ञानी लोक भेटी आणतात. ते स्वतः मात्र इतर कोणत्याही तान्ह्या मुलासारखे असहाय आहे. त्याला वाचवायचे तर योसेफाला रात्री उठून मिसरची वाट धरावी लागते.

हा भेद योगायोगाचा नाही, कारण चमत्कार करणारे येशूबाळ ख्रिस्ती जगातही जन्मले होते. ‘थोमाचे बालपणाचे शुभवर्तमान’ म्हणून ओळखला जाणारा दुसऱ्या शतकातील ग्रंथ त्याच्या लीलांनी भरलेला आहे. शब्बाथाच्या दिवशी मातीच्या बारा चिमण्या करून टाळी वाजवताच त्या उडून जातात. अंगावर आदळलेला मुलगा शापाने जागीच मरतो. या ग्रंथाची लोकप्रियता दांडगी होती. मातीच्या पक्ष्याची कथा कुराणातही येते. तरीही चर्चने हा ग्रंथ शास्त्रात घेतला नाही. यामागे प्रेषितीय प्रामाण्याची कारणे होतीच. परंतु त्या नकारात एक वाङ्मयीन आणि धर्मशास्त्रीय विवेकही दिसतो. पाळण्यातच सर्वशक्तिमान असलेले बाळ हे बाळ नव्हे. ते बाळाचे सोंग होय. लूक सांगतो की येशू ज्ञानाने वाढत गेला. ज्याला वाढावे लागते त्याला अगोदर काही ठाऊक नसावे लागते, आणि हे वाक्य गंभीरपणे घेणे धर्मपंडितांनाही नेहमीच जड गेले आहे.

‘शब्द’ आणि ‘देही’

योहान जन्मकथा सांगत नाही, पण नाताळचा सिद्धांत त्याच्याच प्रस्तावनेतून आला. त्याच्या ‘लोगोस’साठी मराठी बायबल ‘शब्द’ हा शब्द वापरते. शब्दब्रह्माची कल्पना परिचित असलेल्या भाषेला तो परका वाटत नाही. कठीण आहे तो ‘सार्क्स’. या ग्रीक शब्दाचा अर्थ मांस. मराठीने ‘देही’ म्हटले. ‘देही’ म्हणजे देह असलेला. आणि भारतीय विचारात देही हा देहाहून निराळा, देह वस्त्रासारखा टाकून देणारा आत्मा असतो. योहानाला याच्या नेमके उलट म्हणावयाचे आहे. त्याच्या मते शब्दाने मांस पांघरले नाही, तो मांस झाला. म्हणजे ज्या मराठी शब्दाने सिद्धांत व्यक्त व्हायचा, त्याच्या पोटातच त्या सिद्धांताला विरोध करणारा अर्थ दडलेला आहे. याचा दोष भाषांतरकारांना देता येणार नाही. ‘मांस’ हा शब्द मराठी कानांना असह्य झाला असता. अर्थात तो ग्रीक कानांनाही तितकाच असह्य होता, ही गोष्ट येथे विसरता कामा नये.

ग्रीक जगातील पहिली प्रतिक्रिया म्हणूनच ‘भासवादा’ची होती : ख्रिस्ताचा देह केवळ दिसत होता, तो खरा नव्हता. तो विचार चर्चने नाकारला. पुढे इ. स. ३२५ मध्ये निकेया येथे पुत्र हा पित्याशी एकतत्त्व आहे असे ठरले. अपोलिनारिस याने सुचविले की येशूच्या ठिकाणी मानवी देह होता, पण मानवी बुद्धीच्या जागी साक्षात शब्दच वसत होता. ही सूचना ३८१ मध्ये कॉन्स्टँटिनोपल येथे बाद झाली. नाझियान्झसच्या ग्रेगरीने तिच्याविरुद्ध केलेला युक्तिवाद थोडक्यात असा की देवाने माणसाचा जो भाग स्वीकारला नाही तो भाग बरा होणार नाही. अखेर ४५१ मध्ये खाल्किदोन येथील सूत्राने ख्रिस्त देवपणाने पित्याशी आणि माणूसपणाने आपल्याशी एकतत्त्व आहे असे म्हटले. सव्वाशे वर्षांचा हा वाद शब्दच्छल वाटू शकतो. पण गव्हाणीतले बाळ खरोखर भुकेने रडत होते काय, हाच त्याचा गाभा होता.

या पार्श्वभूमीवर मराठीतील एक उदाहरण फार उद्बोधक आहे. महानुभाव पंथात श्रीचक्रधर हे परमेश्वराचे अवतार मानले जातात. गुजरातच्या प्रधानाचा मुलगा हरपाळदेव मरण पावला आणि चांगदेव राऊळांनी त्याच वेळी आपला देह ठेवून त्या मृत देहाचा स्वीकार केला, अशी त्यांची अवतारकथा आहे. पंथाच्या परिभाषेत गर्भीचा अवतार निराळा आणि असा पतित देहाचा अवतार निराळा. अवतारकल्पनेची इतकी काटेकोर वर्गवारी मराठीत तेराव्या शतकातच झाली होती, याची दखल ख्रिस्ती अभ्यासकांनी पुरेशी घेतलेली नाही. शिवाय म्हाइंभटाच्या लीळाचरित्रात परमेश्वराचे जेवणखाण, हिंडणे, शिष्यांशी केलेली थट्टा यांची नोंद ज्या ममतेने होते, तिच्याशी शुभवर्तमानांची तुलना होऊ शकते. तरीही तयार देहाचा स्वीकार ही कल्पना अपोलिनारिसच्या बाजूला झुकते. नाताळचा सिद्धांत गर्भापासून सुरू होतो आणि मरियेच्या नऊ महिन्यांना त्यात वगळता येत नाही.

येथे एक अन्यायही दूर करावयास हवा. एकोणिसाव्या शतकातील मिशनरी वादग्रंथांच्या वळणाने ‘अवतार म्हणजे माया, देहधारण म्हणजे सत्य’ असे सरधोपट समीकरण आजही मांडले जाते. ते शंकराचार्यांच्या गीताभाष्याला लागू पडेल. तेथे ईश्वर मायेच्या योगे जणू देहवान, जणू जन्मलेला असा दिसतो. रामानुजांना मात्र ते लागू नाही. त्यांच्या मते अवताराचा देह पूर्णपणे खरा आहे. फक्त तो प्रकृतीच्या त्रिगुणांनी घडलेला नाही. म्हणजे खरा भेद खरे-खोटे असा नाही. देह कोणत्या मातीचा, हा भेद आहे. खाल्किदोनचे उत्तर असे की तो आपल्याच मातीचा. ‘अवतार’ शब्द टाकून देण्याऐवजी तो नव्या अर्थाने भरावा असेही काहींना वाटले. मद्रासचे ख्रिस्ती विचारवंत चक्करै यांनी १९२० च्या दशकात येशूला अवतार म्हटले, पण हा अवतार कार्य संपल्यावर संपत नाही, तो कायमचा आहे, असा आग्रह धरला.

पुराण आणि परवाना

मराठीत हा प्रश्न प्रथम मोठ्या आवाक्यात हाताळला तो फादर थॉमस स्टीफन्स यांनी. १५७९ मध्ये गोव्यास आलेले हे इंग्रज जेझुइट चाळीस वर्षे तेथेच राहिले आणि १६१६ मध्ये रायतूर येथे त्यांचा ओवीबद्ध ग्रंथ रोमन लिपीत छापला गेला. आज तो ‘ख्रिस्तपुराण’ या नावाने परिचित आहे. मूळ पोर्तुगीज शीर्षक मात्र ख्रिस्ताच्या जगात ‘येण्या’विषयीचे निवेदन असे होते. सुमारे ११,००० ओव्यांचा हा ग्रंथ शीर्षकातूनच आगमनाला वाहिलेला आहे. पहिल्या पुराणात जुन्या कराराची कथा आहे, दुसऱ्यात ख्रिस्ताची. पहिल्याचे सारे प्रयोजन दुसऱ्याची वाट पाहणे हे आहे. स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ म्हणण्यास स्टीफन्स कचरत नाहीत. पुराण हा घाट निवडणे हाच त्यांचा मोठा धर्मशास्त्रीय निर्णय होता. येशूची कथा श्रोत्यांच्या कानाला ओळखीच्या लयीत आली आणि ख्रिस्त मराठीत वस्तीस आला. मात्र घाटाबरोबर त्याचा ऐश्वर्याचा थाटही येतो. पुराणाची भाषा देवाच्या वैभवाची भाषा आहे. गव्हाणीचा कोरडेपणा तिला सहसा पेलत नाही. ही मर्यादा एकट्या स्टीफन्स यांची नव्हे, घाटाची आहे.

ग्रंथाच्या मुखपृष्ठावर इन्क्विझिशनच्या परवान्याचा उल्लेख होता. ज्या साष्टीत तो वाचला गेला तेथील देवळे १५६७ मध्ये पाडली गेली होती, आणि त्या देवळांतील पुराणांना मुकलेल्या नवख्रिस्ती श्रोत्यांसाठी तो रचला गेला. सामर्थ्य सोडून आलेल्या देवाची कथा सामर्थ्यशाली सत्तेच्या शिक्क्यानिशी सांगितली गेली. ग्रंथाच्या भाषिक थोरवीचे कौतुक करताना मराठी समीक्षेने या विरोधाकडे बहुधा पाठच फिरवली आहे.

विठू महार आणि दासाचे रूप

फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रात पौल म्हणतो त्याचा आशय असा : जो देवाच्या स्वरूपाचा होता त्याने स्वतःला रिक्त केले आणि दासाचे रूप घेतले. या ‘रिक्त होण्या’ला जवळचे काही मराठी परंपरेत शोधायचे तर ते दशावतारांत सापडत नाही, संतकथांत सापडते. जनाबाईबरोबर दळणारा, एकनाथांच्या घरी श्रीखंड्या होऊन कावडी वाहणारा विठ्ठल मराठी मनाला नृसिंहापेक्षा निकटचा आहे. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे रेव्हरंड नारायण वामन टिळक सांगत, त्याचे मर्म येथे आहे.

या कथांमध्ये दामाजीपंतांची कथा सर्वांत महत्त्वाची. दुष्काळात मंगळवेढ्याची धान्यकोठारे लोकांना खुली केल्याबद्दल बेदरच्या बादशहाने दामाजींना पकडून आणविले, तेव्हा विठ्ठल विठू महार होऊन दरबारात गेला आणि त्याने धान्याची किंमत चुकती केली. महिपतीच्या ‘भक्तविजया’त ही कथा येते, अमेरिकन मराठी मिशनच्या जस्टिन ॲबट यांना हा ग्रंथ इंग्रजीत न्यावासा वाटला, यात नवल नाही. देव दुसऱ्याचे ऋण फेडतो आणि तेही समाजाने सर्वांत खालचे ठरविलेल्या माणसाच्या रूपाने. ख्रिस्ती प्रवचनकाराला याहून सोयीचा दृष्टांत मिळणार नाही.

सोय बाजूला ठेवून कथा वाचली तर एक गोष्ट खुपते. विठू महार दरबारातून निघतो आणि पुन्हा विठ्ठल होतो. रूप एका कामापुरते होते. त्याच मंगळवेढ्याच्या चोखामेळ्याला पंढरपूरच्या मंदिरात प्रवेश नव्हता. त्याची समाधी पायरीपाशी आहे. देवाला एक दिवस महार होता आले, महाराला एक दिवसही देवळात जाता आले नाही. कथेतील आश्चर्य देव किती खाली वाकला यात आहे. म्हणजे ते आश्चर्य टिकण्यासाठी ‘खाली’ कोण, हे ठरलेलेच असावे लागते. रूप घेणे आणि स्थिती पत्करणे यांतील अंतर येथे उघडे पडते. पौलाचा शब्दही ‘रूप’ हाच आहे, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. तेवढ्या एका शब्दावरून कोणी भासवादी अर्थ लावू म्हटले तर लावू शकेल. पण पौल तेथे थांबत नाही. तो लगेच मरणापर्यंत, आणि गुलामांना देण्यात येई त्या क्रूसावरील मरणापर्यंत जातो. शिवाय पुनरुत्थानानंतर शिष्यांना भेटणाऱ्या येशूच्या हातांवर खिळ्यांच्या खुणा तशाच आहेत. देह उतरवून ठेवलेला नाही. निजधामास जाताना तो बरोबर गेला आहे.

अहमदनगर परिसरातील प्रॉटेस्टंट मंडळ्या प्रामुख्याने महार आणि मांग समाजांतून उभ्या राहिल्या, हे लक्षात घेता हा प्रश्न केवळ पंडितांचा राहत नाही. या मंडळ्यांना रूप घेऊन परतणारा देव सांगायचा की त्यांची स्थिती आपली म्हणून कायमची धारण केलेला? चर्चने स्वतः या कसोटीला नेहमी उतरून दाखविले असेही नाही. गोव्यातील चर्चच्या बंधुसंघांत जातिभेद दीर्घकाळ टिकून राहिले. याउलट लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये सोवळ्याओवळ्यात वाढलेली एक स्त्री ते एकेक करून टाकत जाते, त्या पानांत सिद्धांताचे नावही नाही. पण मांस होणे म्हणजे काय, याचे मराठीतील भाष्य शोधणाऱ्याने ती पाने वगळू नयेत. टिळकांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ याच लक्ष्मीबाईंनी पुढे नेले, हेही या संदर्भात आठवते.

बेथलेहेमची मुले

कंस-हेरोद साम्याचा मुद्दा वर अर्धवट सोडला होता. कंसाने देवकीची मुले मारली आणि अखेर कृष्णाने कंसाला मारले. अवताराचे प्रयोजन सफळ झाले, उग्रसेनाला राज्य परत मिळाले. मत्तयाच्या कथेत असे काही घडत नाही. हेरोद बेथलेहेममधील दोन वर्षांच्या आतील मुलगे मारवितो आणि पुढे आपल्या मरणाने मरतो. त्याला शासन करायला कोणी येत नाही. ज्याच्यासाठी ती मुले मेली तो वाचतो, पण वाचून परततो तो सूड घ्यायला नव्हे. तीसेक वर्षांनी दुसऱ्या एका राज्यकर्त्याच्या हुकमाने तोही मरतो. मत्तय येथे यिर्मया संदेष्ट्याच्या ग्रंथातील राहेलचे स्मरण करतो, जी मुलांसाठी रडते आहे आणि सांत्वन करून घेण्यास तयार नाही. त्या रडण्याला तो उत्तर देत नाही आणि पुढच्या प्रसंगाकडे वळतो.

पाश्चात्त्य चर्चच्या दिनदर्शिकेत नाताळच्या दुसऱ्याच दिवशी, २६ डिसेंबरला, दगडमार होऊन मेलेल्या स्तेफनाचा सण येतो आणि २८ डिसेंबरला बेथलेहेमच्या या निष्पाप बालकांचा. घरोघरचे गोठे तेव्हा मांडलेलेच असतात.